रनिंग किती राहील?

दिनू, डिझेलची गाडी विकली. परवा पुणतांब्याचा एक पेरूवाला येऊन घेऊन गेला. तू जिंकलास असं लगेच समजू नकोस. वाद अजून मिटलेला नाही, माझ्याकडे बोलायला भरपूर आहे. ऐकायला तू नाहीस, एवढीच अडचण.

तेव्हापासून मी घरात नुसती फिरतेय. चहा ठेवते आणि विसरते. कपाट आवरायला काढते आणि अर्ध्यावर सोडून अंगणात येते. गाडी उभी असायची तिथं फरशीवर तेलाचा डाग पडलाय, तो घासून काढायला बसले, तर थोडा निघाल्यावर वाटलं, राहू दे. उठले. परत आत गेले. शेजारची सुमन विचारते, बाई, काही हरवलंय का? मी नाही म्हणते.

तुला जाऊन दोन महिने होत आले. अजून कुणी ना कुणी भेटायला येतं. परवा तुझ्या गल्लीतले एक जण तुझ्या बायकोजवळ, मंगलजवळ म्हणाले, "दिनकरराव म्हणजे एकदम शांत माणूस." मी रुमाल तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेले. त्यांना वाटलं, बहिणीला भरून आलं. मला हसू आलं होतं रे. तुझ्याबरोबर एकदा तरी जामखेडहून नगरपर्यंत गाडीत बसायला हवं होतं त्यांनी.

आपण भांडलो नाही असा दिवस मला आठवत नाही. लहानपणी शेवगावला मामाकडे जायचं तर नगरवरून जवळ की पाथर्डीवरून, यावर तू घरातून निघाल्यापासून मामाच्या ओट्यावर बसेपर्यंत बोलायचास. मामीनं हातात लाडू दिला की तो खात खात म्हणायचास, "तरी पाथर्डीच जवळ." मी मोठी, पुढे शिक्षिका झाले, चौथीच्या पोरांना गणित शिकवण्यात आयुष्य गेलं. तू तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान टाकलंस. पण हिशोब म्हटलं की समोर ताई बसली आहे हे तू विसरायचास. आणि मीही तू आजारी आहेस हे विसरायचे. तुला तेच हवं असायचं, हे मला फार उशिरा नाही, पण थोडं उशिरा कळलं.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी तुझ्या दोन्ही किडन्या गेल्या. जामखेडला तेव्हा डायलिसिसचं मशीन नव्हतं. मंगळवारी आणि शुक्रवारी नगर गाठायचं. सुरुवातीला आपण बसनं जायचो. जाताना ठीक असायचं. येताना तू खिडकीच्या गजावर टॉवेल ठेवून त्यावर डोकं टेकवायचास आणि प्रत्येक खड्ड्याला तुझा चेहरा पिळवटायचा. मग भाड्याची जीप केली. तो जीपवाला वाटेत आणखी माणसं भरायचा, आणि तू मध्ये आखडून बसायचास, डाव्या हाताची, डायलिसिसची सुई टोचायची ती शीर जपत. मंगलला दुकान सोडता येत नव्हतं. आठवड्याचे दोन दिवस शटर बंद दिसलं की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, आणि एकदा गेलं की तिकडचंच होतं. राहिले मी. मला गाडी येत होती. शाळा तालुक्याच्या टोकाला होती तेव्हा एका मैत्रिणीबरोबर भागीदारीत जुनी गाडी घेऊन आम्ही आलटून पालटून चालवायचो.

"ताई, आपलीच गाडी घेऊ," तू म्हणालास.

"घेऊ," मी म्हणाले. आणि तिथून सुरू झालं.

डिझेलची गाडी विकत घ्यायला महाग. तिचं सर्व्हिसिंगही महाग. पण तेल लिटरमागे थोडं स्वस्त आणि अ‍ॅव्हरेज जास्त. पेट्रोलचं सगळं उलटं. म्हणजे गाडी फार पळवायची असेल तर डिझेल, कमी पळवायची असेल तर पेट्रोल. चौथीच्या पोरालाही समजेल असं गणित आहे. डिझेलसाठी सुरुवातीला जे जास्तीचे पैसे घातले, ते किती किलोमीटरला वसूल होतात तेवढं बघायचं. सगळं येऊन अडतं ते एका आकड्याशी: रनिंग किती? सीएनजीचं नाव निघालं तेव्हा आपण दोघंही एकदम म्हणालो, "डिकी जाते." शिवाय गावात पंप नव्हता. तेवढ्या एका मुद्द्यावर आपलं एकमत झालं आणि दोघांनाही काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

मला वाटलं होतं, तू डिझेल म्हणशील. आठवड्याला दोन फेऱ्या, तेही एवढ्या लांबच्या. पण तू पेट्रोल धरून बसलास. मी म्हटलं, याला नेहमीसारखं माझ्या विरुद्ध बोलायचं आहे. तुझं मन राखायला म्हणून एका मधल्या दिवशी नगरला जुन्या गाड्यांच्या दुकानात गेलो. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, पांढरी डिझेल आणि तिच्याहून लहान राखाडी पेट्रोल. तो दुकानदार मोकळ्या स्वभावाचा होता. बसायला खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. तू पाण्याला नको म्हणालास, कारण दिवसाचं पाणी मोजून होतं, पण त्याला वाटलं तू संकोचतोयस.

"सायब, आधी एक सांगा. रनिंग किती राहील?"

"जामखेड ते नगर, आठवड्यातून दोनदा, जाऊन येऊन," मी म्हणाले.

"मंग डोळं झाकून डिझेल न्या. किती वर्सं ठिवायची गाडी?"

"दहा," मी म्हणाले. आणि त्याच क्षणी तू म्हणालास, "वर्षभर. फार तर दीड."

त्यानं तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मंग बदलनार का?"

"व्हय. बदलायचीच."

"मंग पेट्रोल घ्या सायब. डिझेलचं जास्तीचं पैसं निघायच्या आत इकाल तुमी."

तू माझ्याकडे बघून हसलास. बघ, दुकानदारसुद्धा माझ्याच बाजूचा. आणि माझा हात त्या पांढऱ्या गाडीच्या तापलेल्या बॉनेटवर होता, तो मला काढता येईना. दुकानदाराला तू गाडी बदलण्याचं बोलतोयस असं वाटलं. मला कळलं की तू तुझं बोलत होतास.

बाहेर टपरीवर आलो. एक चहा सांगितला, दोघांत.

"वर्षभर कुठून काढलंस?"

"कुठून म्हंजे? अंदाज."

"डॉक्टर म्हणाले?"

"डॉक्टर कशाला म्हनतील. शेजारच्या खाटा बघतो ना मी. कोन येतंय, कोन यायचं थांबलं, दिसतं की."

"पुण्याला किडनीसाठी नाव लावलंय तुझं. नंबर लागला की पुण्याच्या फेऱ्या सुरू होतील. ते रनिंग कोण धरणार?"

"नंबर लागला तर धरू."

"मी आत्ताच धरते."

"ताई," तू अगदी समजुतीच्या सुरात म्हणालास, "हिशोबात आशा धरत न्हाईत."

"मग भीती तरी का धरतोस?"

तू गप्प झालास. आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्यासमोर गप्प झालास आणि मला अजिबात आनंद झाला नाही. माझी किडनी तुला द्यायची म्हणून तपासण्या करून आले होते, तर माझ्या साखरेमुळे डॉक्टरांनी नको सांगितलं. मंगलचा रक्तगट जुळला नव्हता. माझ्या हातात तुला द्यायला काही उरलं नव्हतं, दिनू, एक गाडी सोडून. ती मी कमी पळणारी कशी घेतली असती? गाडी माझ्या नावावर होणार होती. मी आत जाऊन पांढऱ्या गाडीचा इसार देऊन आले. तू चहाचे दोन घोट घेऊन उरलेला माझ्यासाठी झाकून ठेवला होतास. परतीच्या वाटेवर कडा गावापर्यंत तू एक शब्द बोलला नाहीस. कडा गेल्यावर म्हणालास, "सर्व्हिसिंग कोन भरनार?"

मग सुरू झाले ते दिवस. आता मला वाटतं, आपण एकमेकांबरोबर इतका वेळ लहानपणीही घालवला नव्हता. जामखेड सोडलं की बीड जिल्ह्यात शिरायचं, आष्टी, कडा, धानोरा करत परत आपल्या जिल्ह्यात, चिचोंडी पाटील, आणि मग नगर. तू डाव्या सीटवर, कमरेमागे उशी, खिडकीला उन्हासाठी टॉवेल. पंपावर थांबलो की तू पेट्रोल-डिझेल दोन्हींचे भाव बघायचास. दोघांतलं अंतर जरा कमी झालेलं दिसलं की तुझा चेहरा खुलायचा. "बघ ताई, तुझं डिझेल पेट्रोलच्या पंक्तीला येऊन बसलं." जणू सरकारनं तुझ्या अर्जावरून निर्णय घेतला होता. मी म्हणायचे, अ‍ॅव्हरेज बघ. तू म्हणायचास, अ‍ॅव्हरेज तू सांगतेस ते कंपनीचं, आपल्या रस्त्याचं न्हाई. मग टाकी फुल करून पुढच्या फुल टाकीपर्यंतचा हिशोब. तो तू परतीच्या वाटेवर करायचास, डोळे मिटून, मनातल्या मनात. मशीनवरून उठल्यावर खिडकीची काच खाली करायचं बळ तुझ्यात नसायचं, पण भागाकार करायचं असायचं.

मंगलचा फोन यायचा. "कसे आहेत?"

"भांडतायत," मी सांगायचे.

"बरं बरं," ती म्हणायची, आणि तिचा सुटलेला श्वास मला ऐकू यायचा.

एका थंडीत गाडी सुरूच होईना. शुक्रवार होता. मी सेल्फ मारतेय, मारतेय, गाडी नुसती कण्हतेय. तू कानटोपी घालून, सुजलेल्या चेहऱ्यानं चालत माझ्या दारात आलास आणि गाडीची अवस्था बघून तुझे डोळे चमकले. "पेट्रोल असती तर?" एवढंच म्हणालास. योसेफ मेकॅनिकला बोलावलं. तो बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "हीटर प्लग गेलाय बाई. थंडीत डिझेलला आदी गरम करावं लागतं, मानसागत." ते होऊन निघेपर्यंत उन्हं वर आली. तुझी मशीनची वेळ टळून गेली होती. दुसरी मिळेल की नाही ठाऊक नव्हतं. मी सगळ्या रस्त्यानं देवाचं नाव घेत होते आणि तू डाव्या सीटवर गुणगुणत होतास. आष्टीच्या पुढे मी ओरडले, "अरे, तुला काही वाटतं का? तुझ्या अंगात पाणी साठलंय, आणि तू गाणी म्हणतोस?"

"ताई, आज मी जिंकलोय. जरा जिंकू दे की."

वेळ मिळाली त्या दिवशी, दुपारची. मी बाहेर बाकावर बसून दोन वेळा रडले आणि तू बाहेर आलास तेव्हा तुला म्हणाले, डोळ्यात धूळ गेली. तू म्हणालास, "डिझेलचा धूर असंल."

तुझं वर्ष संपलं. दीड वर्ष संपलं. तू ते बोलला नाहीस, मीही नाही. शेजारच्या खाटांवरची माणसं बदलत राहिली. पुण्याचा नंबर काही लागला नाही, पण मी रोज सकाळी फोन चार्जिंगला लावताना बघायचे, चुकून आवाज बंद तर नाही ना. एका संध्याकाळी परतताना चिचोंडीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला कांद्याचे ढीग पडले होते, बायका गोण्या भरत होत्या. तू डोळे मिटून पडला होतास. मला वाटलं, झोपलास.

"फिटलं," तू म्हणालास.

"काय?"

"डिझेलचं जास्तीचं पैसं. मागच्या टाकीलाच फिटलं. आता हितून पुढं सगळा फायदाच."

मला समोरचा रस्ता दिसेना. गाडी कांद्याच्या ढिगाशेजारी घेतली आणि थांबले. तू डोळे उघडलेस.

"थांबलीस कशाला? उभ्या गाडीत डिझेल जळतंय."

तेव्हा बोलायला हवं होतं, दिनू. मी चुकले असं नाही म्हणत, फक्त तेव्हा बोलता आलं असतं. तू जेवढं धरलं होतंस त्याच्या पुढे आपण येऊन पोचलो होतो, जिवंत, एका गाडीत, आणि तू मला ते तुझ्या भाषेत सांगितलं होतंस. मी माझ्या भाषेत उत्तर द्यायला हवं होतं. पण आपल्या घरात असलं कुणी कधी बोललं आहे का? आपले वडील आईबद्दलची माया तिला दळण आणून देऊन सांगायचे. आपण भाव बोलतो, अ‍ॅव्हरेज बोलतो. मी नाक पुसलं, गिअर टाकला.

"पन सर्व्हिसिंग धरलं न्हाई मी अजून," तू म्हणालास.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तू दुकान बंद ठेवायला लावलंस. "आज उगाच जाऊ," म्हणालास. उगाच गाडी काढणारा माणूस तू नव्हतास, म्हणून मंगल घाबरली. पण तू ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलास. मंगल तुझ्या शेजारी, मी मागे. खर्ड्याच्या किल्ल्यापर्यंत तू चालवलीस, इतकी हळू की एका बैलगाडीवाल्यानं वळून बघितलं. किल्ल्याच्या सावलीत मंगलनं डबा उघडला. तुला चालणारं वेगळं, आम्हाला वेगळं. तू आमच्या डब्यातली मिरचीच्या ठेच्याची कड बोटानं उचललीस आणि आम्ही दोघींनी बघितलं नाही असं केलं. येताना तू म्हणालास, "हे रनिंग हिशोबात धरू नको." मी धरलेलं नाही.

तू गेलास तो रविवार होता. मंगलनं अंघोळीचं पाणी काढलं म्हणून तुला हाक मारली. तू अंगणात खुर्चीवर पेपर घेऊन बसला होतास, उत्तर दिलं नाहीस. निरोप आला तशी मी दोन गल्ल्या पळत आले, चप्पल न घालता. गाडी माझ्या दारात उभी होती, टाकी फुल. इतक्या फेऱ्या तिनं केल्या, पण त्या दिवशी ती जागची हलली नाही, आणि हलवायचं कारणही उरलं नव्हतं. कुणीतरी खुर्ची सरकवली, कुणीतरी मला धरलं. तुझा पेपर घडी घालून कुणीतरी खिडकीत ठेवला. मंगलनं तो अजून हलवू दिलेला नाही.

मग मंगळवार आला. शुक्रवार आला. मला पहाटे जाग यायची, अंग आपोआप उठायचं, आणि उशी शोधायला लागायचं. मी गाडी काढू लागले. गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते, असं स्वतःला सांगायचे. आधी आष्टीपर्यंत जाऊन वळायचे. मग कड्यापर्यंत. तेराव्यानंतरच्या एका मंगळवारी थेट नगरला गेले. दवाखान्याच्या वॉचमननं मला बघितलं, नेहमीसारखा जागा धरलेला दगड बाजूला केला, हात हलवून गाडी आत घेतली, आणि मग त्याची नजर डाव्या सीटवर गेली.

"पेशंट मागनं येतंय का, म्याडम?"

"हो," मी म्हणाले.

तो बराच वेळ फाटकाकडे बघत उभा राहिला, दिनू. तुझ्यासाठी. दुसरी गाडी आली तेव्हा तो तिकडे वळला आणि मी निघाले. गावाबाहेर येईपर्यंत पाठीमागच्या आरशात बघायचं मला धाडस झालं नाही.

मंगल आली ती त्याच आठवड्यात, भर दुपारी, दुकान बंद करून. दुकान बंद करून म्हटल्यावर मला समजलं की काहीतरी आहे. पाणी दिलं, ते तसंच हातात धरून बसली.

"ताई, काल परत गेल्ता ना?"

"तुला कोण म्हणालं?"

"योसेफ झेरॉक्सला आल्ता. कड्याजवळ तुमची गाडी बघितली म्हनला. मागच्या आठवड्यात बी बघितली म्हनला." पेल्यातल्या पाण्याकडे बघत म्हणाली, "ताई, ती गाडी इकून टाका."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या नावावर आहे गाडी, मंगल."

"तुमच्याच नावावर हाय. म्हनून तर तुमाला सांगतेय." तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "त्यांनी सांगून ठिवलंय मला. खर्ड्याहून आलो त्या राती न्हाई, दुसऱ्या दिवशी, दुकानात. म्हनले, मी गेल्यावर डिझेल लगेच इका. ताईच्या दारात ठिवू नका. ती नगरला जाऊन येत बसंल. तिला कुठंतरी जायला लागंल, आन ती गाडी तिला तिकडंच नेईल."

मी तिनं खाली ठेवलेला पेला उचलून परत तिच्या हातात दिला.

"आन म्हनले, म्हनून मी पहिल्यापासनं पेट्रोल म्हनत हुतो. ल्हान गाडी. गावातल्या गावात. दोघींना पुरंल, दोघींना जमंल. ताईला वाटलं, मी माझंच धरतोय." मंगलनं माझ्याकडे बघितलं. "तुमाला सांगितलं न्हाई का त्यांनी?"

नाही सांगितलंस. मला राग आला, दिनू, अजून येतोय. त्या टपरीवर मी तुला भीती का धरतोस म्हणून विचारलं तेव्हा तू गप्प बसलास, आणि मला वाटलं तुझ्याकडे उत्तर नाही. उत्तर होतं. तू वर्षभराचा हिशोब तुझा धरला होतास आणि पुढचा सगळा आमचा. मला तू फक्त अर्धा हिशोब दाखवलास आणि त्यावर भांडू दिलंस. चौथीच्या पोरानं अर्धं गणित सोडवून वही पुढे केली असती तर मी त्याला परत पाठवलं असतं.

आणि ऐक, माझं उत्तरही तयार आहे. पेट्रोलची लहान गाडी असती तर त्या डाव्या सीटवर तुझी ती मोठी उशी मावली नसती. त्या रस्त्यानं तुझ्या कमरेचे हाल केले असते. आणि प्रत्येक पंपावर तू म्हणाला असतास, ताई, फार पळवतोय आपण, परवडत नाही, एखादा शुक्रवार बसनं जाऊ. म्हणाला असतास, मला ठाऊक आहे. डिझेल होती म्हणून आपण एकही शुक्रवार चुकवला नाही. हा मुद्दा तू धरला नव्हतास. यावर बोल आता.

रात्रभर असं तुझ्याशी भांडून सकाळी मी त्याच दुकानदाराला फोन लावला. त्यानं ओळखलं. "सायबांना सांगा, मी म्हनलं हुतं पेट्रोल घ्या म्हनून." मी सांगते म्हणाले. परवा तो पेरूवाला आला, बायकोला घेऊन. आठवड्यातून तीनदा नाशिक, असं आपणहून सांगत होता. तिनं डाव्या सीटवर बसून बघितलं आणि म्हणाली, "सीट लई बसलीय वो." मी म्हटलं, हो, वापर होता. पैशाची घासाघीस केली नाही मी, तू असतास तर मला मारलं असतंस. उशी काढून घेतली आणि किल्ली दिली. गाडी कोपऱ्यावर वळताना तिचा तो खडखडाट ऐकू येत होता, बराच वेळ, मग बाजारातल्या आवाजात मिसळून गेला.

त्या बदल्यात एक जुनी पेट्रोल गाडी घेतली आहे. लहान. मंगलच्या नावावर. तिनं मला विचारलं नाही, सरळ म्हणाली, "मला शिकवा." दुकानाचा माल आणायला ती आता टेम्पोवाल्याच्या पाया पडणार नाही म्हणाली. पहिल्यांदा तिच्या तोंडून मी असं काही ऐकलं. आज सकाळी आम्ही बाजार समितीच्या मोकळ्या मैदानात गेलो. मंगळवार होता, त्यामुळे मला तसंही घरात थांबता येत नव्हतं. मंगलनं किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, पण आवाजच नाही रे त्या गाडीला. तिला वाटलं झाली नाही, म्हणून परत किल्ली फिरवली, आणि अशी काही किंचाळली ती गाडी की दोन कुत्री उठून पळाली. मंगल घाबरून माझ्या अंगावर आली आणि मी हसले, पोट धरून हसले. पेट्रोल इतकं गप्प असतं हा मुद्दा तू एकदाही काढला नव्हतास.

मी डाव्या सीटवर बसले होते. इतक्या फेऱ्यांत मी तिथं कधी बसले नव्हते. तिथून रस्ता कमी दिसतो आणि चालवणारं माणूस जास्त दिसतं. त्याच्या कानामागचे पांढरे केस, स्टिअरिंगवरची बोटं, खड्डा आला की दातांखाली जाणारा ओठ. दिनू, तू डोळे मिटून हिशोब करत होतास असं मी समजत आले. सगळा वेळ काही डोळे मिटलेले नसणार तुझे. तू मला किती बघितलं असशील, आणि मी तुला किती कमी, माझी नजर रस्त्यावर.

मंगलनं क्लच सोडला, गाडी दोन धक्के खाऊन चालू लागली. तिच्या कपाळावर घाम आला होता, मान पुढे काढून ती काचेबाहेर बघत होती. मी तिच्याकडे बघतच राहिले.

"ताई," ती नजर न हलवता म्हणाली, "माझ्याकडं नका बघू. समोर बघा. मला सांगा, जाऊ का पुढं?"

"जा," मी म्हणाले.